विसावं नाव

"त्या बारदेस्करला घेतला न्हाई, तर मी ह्या वर्षी स्टेडियमची पायरी चढणार न्हाई," सर्जेराव रिक्षावाला म्हणाला आणि रिकामा पेला त्याने माझ्यापुढे धरला. "मामा, आणि एक. फेस जरा येऊ दे."

मी माझ्या चंद्री म्हशीच्या कासेखाली बसलो होतो. धार न थांबवता म्हणालो, "गेल्या साली पण तू असंच म्हणालास. पयल्याच मॅचला ढोल घेऊन आलास."

कट्ट्यावर हशा पिकला. सर्जेराव पण हसला, पण मागे हटला नाही.

आमच्या कोल्हापुरात गवळी आपली म्हैस चौकात आणून उभी करतो आणि गिऱ्हाईक समोर काढलेलं दूध तिथंच उभ्याने पितं. वाघजाई तालमीसमोरचा कट्टा हा माझा असा ठिय्या. सकाळ-संध्याकाळ माझ्या दोन म्हशी तिथं उभ्या असायच्या आणि त्यांच्याभोवती अख्खी पेठ. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा खराच, पण इथं तालमीचा फुटबॉल संघही असतो आणि पेठेची सगळी इज्जत त्या संघावर टांगलेली असते. दिवाळी झाली की खेळाडूंची नोंदणी यायची. एका संघाला वीस नावं. कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं, दुसऱ्या तालमीचा कोण फोडायचा, बाहेरगावचा कोण आणायचा, हे कागदावर तालमीचे सेक्रेटरी ठरवायचे. पण खरं ठरायचं ते माझ्या म्हशींच्या शेपट्यांमागं.

त्या वर्षी एकोणीस नावं ठरली होती. भांडण विसाव्यावर होतं. एकीकडे फिलिप बारदेस्कर, गडहिंग्लजचा फॉरवर्ड, वय बावीस, डाव्या पायात वीज. दुसरीकडे पांडबा लोहार, आमच्याच गल्लीतला, उद्यमनगरात लेथवर काम करणारा, दहा वर्षं आमचा उजवा बॅक. वय बत्तीस. आणि गेल्या वर्षी सेमी फायनलला कमानवेस तालमीविरुद्ध त्याच्याच पायाला लागून बॉल आमच्याच गोलात गेला होता. हरलो तो त्याच गोलाने.

"बॅक म्हातारा झाला की भिंतीसारखा होतो," सर्जेराव म्हणाला. "उभा असतोय, पण हलत न्हाई."

"अरे, भिंतच पायजे की बॅकला," कुणीतरी म्हणालं.

"भिंतीनं आपल्याच घरात गोल घालावा व्हय?"

हिंदूराव मेथे, आमचे सेक्रेटरी, कट्ट्याच्या कडेला बसले होते. विमा कार्यालयात नोकरी, स्वभाव मोजून मापून. ते म्हणाले, "भांडू नका. इराप्पाला विचारा. काय इराप्पा, गेल्या साली पांडबाच्या चुकीनं किती बॉल गेले?"

ही माझी कट्ट्यावरची जागा होती. मला सामने पाठ असायचे. कुठल्या साली, कुणी, कुठल्या टोकाला, कितव्या मिनिटाला गोल मारला, हे मी धार काढता काढता सांगायचो. पैज लागली की लोक माझ्याकडे यायचे आणि मी सांगितलं की विषय संपायचा. माझ्या डोक्यात सगळं राहायचं, कारण दुसरीकडे कुठे ठेवायची सोय नव्हती. मला लिहिता-वाचता येत नव्हतं. ही गोष्ट माझी बायको सोडून कट्ट्यावर कुणालाही ठाऊक नव्हती. पेपर आला की मी म्हणायचो, चष्मा घरी राहिला. चष्मा मला नव्हताच.

"तीन," मी म्हणालो.

"कुठल्या सामन्यात, ते सांगा."

मी सांगितले तिन्ही. शेवटचा तो सेमी फायनलचा.

"झालं की मग," सर्जेराव म्हणाला. "मामाचं तोंड म्हणजे रेकॉर्ड. बारदेस्करचं नाव घाला."

मग माझं लक्ष गेलं. पांडबा मागेच उभा होता. कामावरून आला असावा, बाह्यांना तेलाचे डाग होते. त्याने सगळं ऐकलं होतं.  त्याने हातातलं दूध संपवलं, बादलीतल्या पाण्याने स्वतःचा पेला विसळला, तो पालथा घातला आणि गेला. गिऱ्हाईक कधी पेला विसळत नाही. ते माझं काम. दुसऱ्या दिवसापासून तो कट्ट्यावर यायचा बंद झाला.

नोंदणीच्या शेवटच्या दिवशी हिंदूराव तापाने फणफणले. बाकीचे पदाधिकारी कुणी कारखान्यात, कुणी कचेरीत. दुपारी मोकळा असा मी एकटा. त्यांची मंडळी मला बोलवायला आली.

हिंदूराव गोधडीत होते. त्यांनी कापडी पिशवी माझ्या हातात दिली. "यादी लिहून तयार हाय, इराप्पा. दोन प्रती, मधी कार्बन लावलाय. फॉर्म पिशवीत हाईत, फोटो चिकटवलेले. वीस नावांचे वीस, आणि न घेतलेल्या तिघांचे तीन. वीसच द्यायचे. पाच वाजता खिडकी बंद हुईल. खाली तुमची सही करा, कार्बनवर शिक्का मारून घ्या, आणि या."

"माझी सही?"

"जो यादी देईल त्याची. नियम हाय."

तिथंच सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं ते. पण त्या माणसाने तापातही माझ्यावर एवढा भरवसा ठेवला होता, आणि दारात त्यांची मंडळी उभी होती. मी म्हणालो, "काळजी करू नका."

घरी येऊन मी उजव्या अंगठ्याला आणि बोटांना चिंधी गुंडाळली. म्हशीचा पाय पडला असं सांगणार होतो. त्याआधीही दोन-तीनदा हा उपाय केला होता.

संघटनेचं कार्यालय तेव्हा एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं. मी पोचलो तेव्हा साडेचार वाजत आले होते. बाकीच्या तालमींच्या याद्या देऊन झाल्या होत्या, खोली मोकळी होती. खिडकीमागे कारकून आणि बाहेरच्या बाकावर एकच माणूस. सासने पेंटर. कमानवेस तालमीचे सेक्रेटरी, आपली यादी देऊन खिडकी बंद होईपर्यंत थांबलेले.

कमानवेस आणि वाघजाई यांच्यात काय होतं हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. सामन्याच्या दिवशी त्यांच्या पेठेतले जावई आमच्या पेठेत येत नसत. सासने पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पन्नाशीचा माणूस, सदऱ्यावर सतत रंगाचे ठिपके. मी मान हलवली, त्यांनी मान हलवली. तेवढंच.

मी पिशवी खिडकीत ठेवली. कारकुनाने यादी हातात घेतली, पण लगेच परत सरकवली.

"वाघजाई न्हवं? थांबा जरा. एका खेळाडूनं दोन तालमींच्या फॉर्मवर सही केल्याचं कानावर आलंय. तुमच्या यादीतला असला तर पंचाईत हाय. ज्याची यादी आधी आली, त्याचा खेळाडू. मागनं येणाऱ्याची अख्खी यादी बाद. वर्षभर संघ बाहेर."

"अख्खी?"

"अख्खी. ह्या वर्षी लई कडक केलंय. भाईर बोर्डावर सगळ्यांच्या याद्या लावल्यात, बघून या. एकदा माझ्या हातात दिली की दिली. आणि खाली सही र्‍हायलीय तुमची."

"कोण खेळाडू, तेवढं सांगा की."

"ते मी सांगायचं न्हाई. उद्या म्हणतील एका तालमीला सांगितलं, दुसरीला न्हाई. बोर्ड सगळ्यांना सारखा हाय."

बोर्ड सगळ्यांना सारखा नव्हता, हे त्याला कसं ठाऊक असणार.

मी बोर्डापुढे जाऊन उभा राहिलो. लाकडी चौकटीत दहा-बारा कागद टाचलेले. काळ्या मुंग्यांच्या रांगा. मी एका कागदावर डोळे लावले आणि वरून खाली हळूहळू मान नेली, जसं वाचणारे नेतात. मग दुसऱ्यावर.  घरी परत जाऊन हिंदूरावांना विचारून यायला वेळ नव्हता. तशीच यादी दिली आणि त्यात तो खेळाडू निघाला, तर वाघजाईचा संघ वर्षभर बाहेर, आणि पेठेत सगळ्यांना कळणार की बोर्ड समोर असताना इराप्पाने वाचला नाही. का वाचला नाही, हेही मग कळणार. आणि न देता परत गेलो तरी संघ बाहेरच. मी तिथं उभा होतो आणि खिडकीतल्या घड्याळाचा आवाज ऐकत होतो. घड्याळ तेवढं मला कळायचं. पावणेपाच.

"तुम्ही पंच परीक्षेचा निकाल बघताय," शेजारून आवाज आला. सासने पेंटर माझ्या बाजूला येऊन उभे होते. "कोण बसलं होतं काय तुमच्यातलं?"

"न्हाई. उगंच बघत होतो."

"असं." ते बोर्डाकडे बघत राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. मग म्हणाले, "जरा आमची यादी तपासतो. टायपिंगवाला दरसाल आमच्या नावांची वाट लावतोय. मोठ्यानं वाचलं तर चालंल न्हवं? मला मनात वाचलं की चुका सापडत न्हाईत."

"वाचा की. आमचं काय जातंय."

आणि ते वाचायला लागले. पाटी रंगवताना जसं एकेक अक्षर ओढायचे, तसा एकेक शब्द. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. थोडं थांबायचं, पुढचं. मी कागदाकडे बघत होतो आणि कान त्यांच्याकडे होते. त्यांचा गोली, त्यांचे बॅक, सगळे ओळखीचे. तेरा, चौदा, पंधरा.

"फिलिप आंतोन बारदेस्कर," ते म्हणाले.

मग थांबले. बोटाने कागदावर टिचकी मारली आणि पुन्हा म्हणाले, "फिलिप आंतोन बारदेस्कर. बरोबर हाय." आणि पुढे गेले.

 म्हणजे त्याने कमानवेशीच्याही फॉर्मवर सही केली होती, आणि त्यांची यादी आमच्या आधी आली होती. मला वाटलं, केवढं माझं नशीब. हा माणूस नेमका आत्ता यादी तपासतोय आणि नेमकी मोठ्याने वाचतोय. पुढची कितीतरी वर्षं मी ते नशीबच समजत होतो.

यादी वाचून झाली तसे ते बाकावर बसले. "काय, इराप्पा, कागद द्यायचाय न्हवं? दहा मिनिटं र्‍हायलीत."

"एक नाव बदलायचंय," मी म्हणालो. "पण हात बघा की. म्हशीचा पाय पडला."

त्यांनी चिंधीकडे पाहिलं. "लई लागलंय?"

"लागलंय."

"आणा हिकडं. तुम्ही सांगा, मी लिवतो."

मी यादी दिली.  शत्रूच्या सेक्रेटरीच्या हातात मी आमचा संघ देत होतो. तो काय लिहील हे मला वाचता येणार नव्हतं. आमच्या गोलीचं नाव खोडलं असतं तरी मी मान हलवली असती.

"काय खोडू?"

"बारदेस्कर."

त्यांनी नाव शोधलं. एक रेघ ओढली. "त्या जागी?"

मी पिशवीतून उरलेले तीन फॉर्म काढले. फोटोवरून माणसं मला ओळखता येत होती. एक होता तरणा फॉरवर्ड, कट्ट्याला आवडला असता. दुसरा राखीव गोली. तिसरा पांडबा. फोटोत त्याने कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलं होतं. त्याचा तो पालथा घातलेला पेला मला आठवला.

बारदेस्करचा फॉर्म फोटो बघून वीसांतून बाजूला काढला आणि त्या जागी हा पुढे केला. "पांडबा कृष्णा लोहार."

सासने पेंटरांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "आमच्या फॉरवर्डांना त्रास देणार तुम्ही," ते म्हणाले, आणि लिहायला लागले. लिहून झालं तरी पेन त्यांनी ठेवलं नाही. "इराप्पा, तुमच्या वडलांचं नाव काय हो? आमचे आबा तुमच्याच घरनं दूध न्यायचे."

"शिवाप्पा."

"बरोबर. शिवाप्पा गवळी. बारकी मूर्ती, मोठा पटका." ते बोलत बोलत कागदाच्या तळाशी काहीतरी लिहीत होते. "तारीख घालतो खाली. र्‍हायलीय." मग एक खालून वर गेलेली रेघ, तिच्याखाली दोन ठिपके. कागद माझ्या हातात.

कारकुनाने वरून खाली नजर फिरवली, तळाशी थांबला. मी चिंधीचा हात वर उचलला होता, सांगायची वाक्यं तयार होती. तो म्हणाला, "सही झाली. ठीक," आणि शिक्का मारला. मला वाटलं, पेंटरांनी घातलेल्या तारखेलाच तो सही समजला.

कार्बनची प्रत सदऱ्यात घालून मी सायकल हाणली. वाटेत शंभर माणसं होती ज्यांना कागद दाखवून विचारता आलं असतं. विचारलं नाही. हिंदूरावांच्या उशाशी बसलो आणि प्रत त्यांच्या हातात दिली.

"बारदेस्कर कमानवेशीनं नेला," मी म्हणालो. "यादी बाद झाली असती. मी बदल केला."

ते ताडकन उठून बसले. एकेक नाव वाचत गेले, आणि मी एकेक नाव बोटांवर मोजत गेलो. अठरा. एकोणीस. "पांडबा कृष्णा लोहार," त्यांनी वाचलं.

मी डोळे मिटले.

"वाचवलंसा, इराप्पा," ते म्हणाले. मग कागद दिव्याजवळ नेऊन म्हणाले, "आणि अक्षर काय झोकदार तुमचं. मला वाटलं नव्हतं."

मी रिकाम्या पिशवीची घडी करायला लागलो. नाव कुणी लिहिलं हे सांगायचं, तर का हेही सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कट्टा पेटला होता. बारदेस्कर गेला याचं सगळ्यांना दुःख होतंच, पण सर्जेरावाचा राग वेगळा होता.

"फॉरवर्ड गेला तर फॉरवर्ड घ्यायचा. पोरं हुती की. बॅक कशापायी घेतला? मामा, तुम्हीच सांगितलंसा, तीन बॉल घालवले म्हणून."

"सांगितलं," मी म्हणालो. धार थांबवून म्हशीखालून उठलो. एरवी मी उठत नसे. "तुम्ही घालवलेले विचारलंसा, मी घालवलेले सांगितले. वाचवलेले कुणी विचारलं न्हाई, आणि मी पण आपणहून सांगितलं न्हाई. ती चूक माझी. आता ऐका."

आणि मी सांगायला लागलो. पहिल्या सामन्यात गोली बाहेर पडला होता तेव्हा रेषेवरून डोक्याने काढलेला. पावसाळी सामन्यात चिखलात लोळून अडवलेला. तिसऱ्यात दोन. एकेक सामना, एकेक टोक. गेल्या वर्षीचे सतरा मी सांगितले. सेमी फायनलमध्ये त्या गोलाआधी त्याने चार काढले होते, तेही सांगितले. तोवर पेल्यातलं दूध गार झालं होतं.

"सतरा?" सर्जेराव शेवटी म्हणाला.

"मोजून."

"मग त्या दिवशी गप का बसलासा, मामा? माझं तोंड कुणी धरलं असतं तर बरं झालं असतं."

"तुझं तोंड धरायला दोन माणसं लागतात," कुणीतरी म्हणालं, आणि कट्टा सैल झाला.

संध्याकाळी पांडबा आला. पेला पुढे केला. मी भरून दिला. त्याने पिऊन रिकामा पेला माझ्या हातात दिला, न विसळता. एवढंच. त्यापेक्षा मोठे आभार मला त्या वर्षात कुणी मानले नाहीत.

त्या हंगामात आम्ही कप जिंकलो नाही. पण कमानवेशीशी सामना झाला, तेव्हा पांडबाने बारदेस्करला नव्वद मिनिटं डाव्या पायावर बॉलच घेऊ दिला नाही. शून्य-शून्य. त्याने एकदा जमिनीवर घसरत असा काही बॉल काढला, की कमानवेशीची सगळी गॅलरी शिव्या देत उठली. त्या गॅलरीत एकच माणूस टाळ्या वाजवत होता. सदऱ्यावर रंगाचे ठिपके होते. मला वाटलं, खेळ कळणारा माणूस आहे. पांडबा पुढे आणखी दोन वर्षं खेळला, आणि मग तालमीच्या पोरांना शिकवायला लागला.

पंधरा वर्षं गेली. साक्षरतेचे वर्ग निघाले, महापालिकेच्या शाळेत, संध्याकाळचे. बायकोने नाव घातलं, तिचं आणि माझंही. मी पन्नाशीला आलो होतो. कांबळे बाई म्हणून एक शिक्षिका होत्या. त्यांनी कधी कुणाला हसू दिलं नाही. सहा महिन्यांत मी पाट्या वाचायला लागलो. ओळखीच्या रस्त्यावरून चालताना सगळी दुकानं मला आपापलं नाव सांगायला लागली, आणि पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एकच नाव पुन्हा पुन्हा भेटायचं: सासने पेंटर.

त्याच सुमारास तालमीचं जुनं कपाट साफ करायला काढलं. हिंदूराव निवृत्त झाले होते. ते फायली काढत होते, मी धूळ झटकत होतो आणि हौसेने येईल ते वाचत होतो. एका फायलीत ती यादी निघाली. निळी पडलेली कार्बनची प्रत. मी नावं वाचली. एकोणीस नावं एका हाताची. विसावं दुसऱ्या. ते वळण मी रस्त्यावर रोज बघत होतो.

आणि तळाशी, शिक्क्याच्या शेजारी, त्याच वळणात: इराप्पा शिवाप्पा गवळी. खालून वर गेलेली रेघ, तिच्याखाली दोन ठिपके.

मी तिथंच खाली बसलो. वडिलांचं नाव का विचारलं होतं, ते आता कळलं. मग बाकीचंही एकेक उलगडत गेलं. टायपिंगवाल्याच्या चुका. मोठ्याने वाचणं. बारदेस्करचं नाव दोनदा घेणं. पंच परीक्षेच्या निकालापुढे मान हलवत उभा राहिलेला माणूस त्यांना लांबून दिसला होता, आणि ते बाकावरून उठले होते. नुसते बसून राहिले असते तरी वाघजाई वर्षभर मैदानाबाहेर असती.

"काय झालं हो?" हिंदूरावांनी विचारलं.

"हा कागद मी नेऊ काय?"

"न्या की. तुमचीच सही हाय त्याच्यावर."

मी तो कागद घरी नेला. त्यावर पातळ कागद ठेवून महिनाभर गिरवत बसलो. कांबळे बाईंनी शिकवलेलं माझं अक्षर सरळ, शाळकरी होतं. सही मात्र मी त्या कागदावरून शिकलो.

मग एका सकाळी चंद्रीच्या नातीचं दूध लोट्यात घेऊन मी कमानवेशीत गेलो. सासने पेंटरांनी काम सोडलं होतं. हात थरथरायचे. दुकानात मुलगा बसायचा आणि ते बाहेर खुर्चीवर. मी लोटा ठेवला, कागद उलगडून त्यांच्या पुढे धरला.

त्यांनी तो लांब धरून बघितला. 

"जुनी यादी दिसतीया," ते म्हणाले.

"खालचं अक्षर कुणाचं हो, पेंटर?"

"सही तुमची हाय. मग अक्षर बी तुमचंच असणार."

"पेंटर..."

"तुमचाच कागद, तुमचंच नाव. मला काय विचारताय?"

  मी खिशातलं पेन काढलं, कागद पालथा केला, मांडीवर ठेवला आणि त्यांच्यासमोर सही केली. पूर्ण नाव. रेघ. दोन ठिपके.

त्यांनी चष्मा पुसला. वाकून बघितलं. शेवटच्या अक्षराला बोट लावलं.

"'ळ'ची गाठ जरा आवळून घ्या," ते म्हणाले. "बाकी झकास."

मग खुर्चीत मागे टेकले आणि लोट्यातलं दूध एक घोट प्यायले.

"म्हणजे हात बरा झाला म्हणायचा तुमचा."

"झाला," मी म्हणालो.

"लई दिवस लागलं."

"पंधरा वर्सं लागली, पेंटर."

त्यांनी मान हलवली, आणि लोटा माझ्यापुढे धरला. मीही त्यातूनच एक घोट घेतला.